दुपट्ट्याखाली घेतलेली मतं

अमरावतीत खोलापुरी गेटातून बाहेर पडून दर्यापूरच्या वाटेला लागलं की थोड्याच अंतरावर एक नाला आडवा येतो. त्या नाल्यावर आज दगडी रपटा आहे. पाणी वरून वाहून गेलं तरी गाडीचं चाक रुतत नाही, असा पक्का. रपट्याच्या तोंडाशी शहर कमिटीने एक दगड पुरला आहे आणि हा रपटा कमिटीचा आहे, असं त्यावर कोरून ठेवलं आहे. दगड खोटं बोलत नाही म्हणतात. ज्यांनी म्हटलं, त्यांना कमिटी माहीत नसावी.

मी माळ्याच्या घरचा. अकोल्याला मोर्णेच्या काठी आमची वांगी-मिरच्यांची बाडी होती. बाप पिकवायचा, आई बाजारात बसायची, आणि आईजवळ बसून मी सौदा शिकलो. भाव आपण आधी सांगायचा नाही, गिऱ्हाइकाने सांगितला की हसायचं, गिऱ्हाईक उठलं की आपण दुसरीकडे पाहायचं. एवढ्या तीन गोष्टींवर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. पुढे अमेरिकेत गोरे आपसात लढायला लागले, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडाच्या काळ्या मातीला एकाएकी इज्जत आली. ज्या कुणब्याला सावकार ओसरीवर उभा करत नव्हता, त्याला लोडाशी बसवून पान देऊ लागला. मी मिरच्यांची गाडी घेऊन अमरावतीला आलो होतो. मिरच्या विकल्या, गाडी विकली, बैल विकले आणि कापसाच्या दलालीत शिरलो. बापाने निरोप धाडला, "वांगं सडलं तरी खायले येते, कापूस कोन खाते?" बाप शहाणा होता. पण शहाण्या माणसाच्या हातून पैसा होत नाही.

कापसाच्या बाजाराची रीत ज्याने पाहिली नाही त्याला पुढचं समजायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकतात, आणि खाली एकमेकांची बोटं धरून आकडा सांगतात. भोवती माणसांची भिंत उभी असते, पण दुपट्ट्याखाली काय चाललंय ते कुणाला कळत नाही. तोंडाने दोघं पाऊसपाण्याच्या गप्पा मारतात. तोंडाने माणूस वाटेल ते बोलतो. बोटाने बोलताना मात्र खरं बोलतो, कारण बोटावर सौदा पक्का होतो. मी दलाल होतो तेव्हा या दुपट्ट्याखाली मी कितीतरी मोठ्या माणसांचे हात धरले. काही हात घामेजलेले असायचे, काही थंड. तोंडं मात्र सगळ्यांची सारखीच बेफिकीर.

चार पैसे गाठीला आल्यावर मी कापसाच्या गाड्या उतरायला स्वतःचं आवार काढलं. गावकुसाच्या आत जागा मिळाली नाही. आतली सगळी मोक्याची जागा एका मारवाडी शेठजीकडे होती. शेठजी माझे प्रतिस्पर्धी. गोड बोलणारे आणि बारीक पाहणारे. मी गेटाबाहेर, नाल्याच्या पलीकडे, दर्यापूरच्या वाटेवर जागा घेतली. माझा हिशेब सरळ होता. पश्चिमेकडून येणारी प्रत्येक गाडी आधी माझ्या दाराशी येणार, मग शेठजींच्या. शेतकरी थकलेला, बैल थकलेले; पहिल्या आवारात पाणी आणि सावली दिसली की गाडी तिथेच सुटणार.

गाड्या सुटत. पण व्यापाऱ्यांनी घेतलेल्या गठाणी बडनेऱ्याच्या रेल्वे ठेसनावर पोचवायच्या म्हणजे नाला ओलांडावा लागे. आणि तो नाला म्हणजे काळ्या मातीची आई. पावसाळा संपून दिवाळी झाली तरी त्याच्या पोटात चिखल राही. भरलेली गाडी उतारावरून खाली गेली की दोन्ही चाकं आखापर्यंत आत. मग बैल सोडा, गठाणी उतरवा, माणसं लावा. एकदा एका गाडीवानाचा बैल त्या चिखलात पाय मोडून पडला. ओलसर रुई ठेसनावरचे घेणारे हात लावून बाजूला सारत. हळूहळू व्यापारी माझ्या आवारात यायचे थांबले. मालाला घेणारा नसेल तर शेतकरी सावलीसाठी किती दिवस थांबणार? गाड्या वळसा घालून शेठजींकडे जाऊ लागल्या. त्या वर्षी रपटा झाला नसता तर मला आवार मोडावं लागलं असतं आणि पुन्हा खांद्यावर दुपट्टा टाकून शेठजींच्या दारात दलाल म्हणून उभं राहावं लागलं असतं. शेठजींनी तसं बोलूनही दाखवलं होतं. "आपलीच जागा समजा, माळीजी. उभं राहाले काय लागते?"

नेमक्या त्याच सुमारास गावात शहर कमिटी निघाली. गावाचं भलं व्हावं म्हणून इंग्रज साहेबाने गावातली सात भली माणसं निवडली. त्यात मी होतो, यावरून निवड किती घाईत झाली ते कळेल. साहेबाला बाजाराचा एक माणूस हवा होता, शेठजी तर होतेच, पण साहेबाला दोन बाजू ऐकायची हौस होती. देशमुख होते, त्यांच्या गावांची नावं त्यांना पाठ नसत, पण मान पाठ असे. एक वकील होते. एक तेलाचे व्यापारी, एक काझींच्या घरातले म्हातारे गृहस्थ, आणि एक वैद्य, जे सभेत झोपत. वकील आणि वैद्य धरून सगळ्यांचा पैसा कुठे ना कुठे कापसात अडकलेला होता. त्या दिवसांत वऱ्हाडात ज्याचा कापसात नव्हता, त्याचा पैसाच नव्हता.

सभा कचेरीत भरे. देशमुखांना हातांची खुर्ची, शेठजींना हातांची खुर्ची, वकिलांना हातांची खुर्ची. मला बिनहातांची. शिरस्तेदारांना मी एकदा विचारलं. हे शिरस्तेदार पुण्याकडचे, सभेचं कामकाज मोडीत लिहून घेत.

"अहो, खुर्ची ती खुर्ची," ते म्हणाले. "बसायला मिळाल्याशी कारण."

"मंग देशमुखांले द्या ना माही."

"त्यांना हात टेकायची सवय आहे."

"मलेही लागंन सवय. टेकू तर द्या."

त्यांनी तेवढंच लिहून घेतलं नाही.

पहिले काही महिने कमिटीचं काम झकास चाललं. गावात किती कंदील लावायचे यावर तीन सभा झाल्या. पहिला कंदील देशमुखांच्या दारात लागला, कारण तिथे अंधार सगळ्यात जास्त आहे असं देशमुखांचं म्हणणं होतं. कंदिलाच्या तेलाचा प्रश्न आला तेव्हा तेलाचे व्यापारी म्हणाले की तेल चांगलंच पाहिजे, गावाची अब्रू आहे. मेलेलं कुत्रं कुणी उचलायचं यावर एक अख्खी दुपार गेली आणि कुत्रं आपण होऊन संपलं. विहिरीतला गाळ काढायचा ठराव उन्हाळ्यात आला आणि पावसाळ्यात मंजूर झाला. कामकाजाची रीत सोपी होती. साहेब हिंदुस्थानीत विचारत, "ठीक है?" आम्ही म्हणत असू, "जी साहेब." शिरस्तेदार लिहीत, "सभेने सखोल विचारांती." वैद्यबुवा जागे होत, आणि सभा सुटे.

नाल्यावर रपटा बांधावा असा अर्ज मी दिला आणि मग सौदेबाजाचं काम केलं. एकेकाच्या घरी गेलो. कोणाकडे सीताफळं घेऊन, कोणाकडे नुसता नमस्कार घेऊन.

देशमुख गडगड्याची नळी बाजूला करून म्हणाले, "अरे माळ्या, तुयं काम म्हंजे आपलं काम. रपटा पायजेच. माही गाडी जाते ना त्या वाटेनं."

"मंग सभेत बोलान ना?"

"बोलतो ना बाप्पा. तू कायले फिकर करतं?"

वकील म्हणाले, "कायद्याच्या दृष्टीने उत्तम मागणी आहे." तेलाचे व्यापारी म्हणाले, "भौ, तुले नाही म्हनंन असा माणूस गावात जलमला नाही." काझींच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून दुआ दिली. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि पित्त आहे म्हणाले. मी शेठजींकडेही गेलो. जायला नको होतं, पण बाजारात शत्रूचा भाव विचारल्याशिवाय आपला ठरत नाही.

शेठजी हसले. "माळीजी, गावाचा फायदा तो आपला फायदा."

"तुमच्या आवाराचा तोटा आहे, शेठजी. गाड्या माह्याकडे थांबतीन."

"अरे राम राम. पानी आणि गाड्या, ज्याच्या नशिबात असंन त्याच्याकडे वळते."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं की सगळ्यांचा होकार आहे. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "सगळ्यायचा? मंग भाव काहीतरी चुकून राहिला." मी तिच्यावर खेकसलो. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. लोक थंड असतात म्हणून तसं दिसतं.

सभेचा दिवस आला. कंदिलांचं तेल झालं, एका रस्त्याच्या नावाचं झालं, आणि मग साहेबाने एक कागद वर धरला. वरून नवा हुकूम आला होता. यापुढे "जी साहेब" चालायचं नाही. प्रत्येक ठरावावर सभासदांनी हात वर करायचे आणि हात मोजून शिरस्तेदारांनी आकडा लिहायचा. विलायतेत असंच चालतं, असं साहेब म्हणाला. पहिला ठराव माझ्या रपट्याचा होता.

शिरस्तेदारांनी अर्ज वाचला. वाचताना त्यांनी नाल्याचा "ओढा" केला आणि चिखलाचा "कर्दम" केला, त्यामुळे तो नाला माझा मलाच ओळखू येईना. साहेब म्हणाला, "जो हाँ बोलता है, हाथ ऊपर करो."

एकही हात हलला नाही.

मला कोणी विचारेल की तू तरी करायचास. विचारणाऱ्याने कापसाचा बाजार पाहिलेला नाही. माझाच माल, मीच पहिला हात उघडा करू? चारचौघांत आधी आकडा दाखवतो तो गरजू. गरजू दिसला की समोरचा भाव पाडतो. मी देशमुखांकडे पाहत होतो, देशमुख वकिलांकडे, वकील शेठजींकडे, आणि शेठजी छताकडे. प्रत्येक जण दुसऱ्याचा हात आधी वर जायची वाट पाहत होता. सात सौदेबाज एका मेजाभोवती बसवून हात वर करा म्हणणं म्हणजे सात मांजरांना आधी दूध कोण पिणार ते विचारणं. फरक इतकाच की मांजर शेवटी पितं.

साहेबाचे गाल तांबडे झाले. "कोई नहीं? अच्छा. जो ना बोलता है, वो हाथ ऊपर करो."

तेही कोणी केलं नाही. नकार हासुद्धा भावच असतो.

शिरस्तेदारांनी बोरू उचलून धरला. "साहेब, काय लिहू? होकारार्थी शून्य, नकारार्थी शून्य."

"तुम लोग यहाँ हो या नहीं?" साहेब म्हणाला.

"हाओ साहेब," देशमुख म्हणाले. "हाओत ना."

"तो बोलते क्यों नहीं?"

वैद्यबुवा जागे झाले आणि सवयीने "जी साहेब" म्हणाले.

साहेब कागद गुंडाळायला लागला. ठराव पुढच्या सभेवर गेला असता, साहेब दौऱ्यावर निघणार म्हणून पुढची सभा कापसाचा हंगाम उलटल्यावर होती, आणि तोवर मी शेठजींच्या दारात उभा असतो. तेव्हा माझं डोकं चाललं. आयुष्यभर त्याच डोक्याच्या जोरावर जगलो, पण इतकं महागात ते कधी पडलं नव्हतं.

मी उठून म्हणालो, "साहेब, हे बाजारची मानसं हायेत. उघड्या हातानं बोलाची यायले सवय नाही. आमच्या रीतीनं घ्या. तुमच्या हातावर हा माहा दुपट्टा टाका. एकेक जन येईन आन् खालून तुमचा हात धरंन. होय असंन तर सगळा पंजा धरंन. नाही असंन तर एकच बोट. तुमी मोजा. कोनाले काही दिसनार नाही."

शिरस्तेदारांनी ते साहेबाला समजावून सांगितलं. समजावताना त्यांचं तोंड कडू औषध प्याल्यासारखं झालं होतं. साहेबाला मात्र गंमत वाटली. त्याने विचारलं, "और हुकुम?"

वकील म्हणाले, "हुकुमात हात वर करा म्हटलंय. दुपट्टा नको असं कुठेही म्हटलेलं नाही." वकिलांचा उपयोग असा क्वचित होतो.

साहेबाने कोटाची बाही वर केली, हात मेजावर ठेवला आणि मी माझा दुपट्टा वर टाकला. हिरव्या काठाचा, नागपुरी. मनात मी खूश होतो. तोंडावरचा होकार मला सगळ्यांनी दिला होता, आता फक्त बोटाने पक्का करायचा होता.

पहिले देशमुख गेले. त्यांचा हात दुपट्ट्याखाली गेला आणि तिथेच राहिला. साहेबाच्या भुवया वर गेल्या. "ये क्या करता है? चार उँगली, फिर तीन?"

देशमुखांनी हात झटकन मागे घेतला. "माफी साहेब. सवय." हातात हात आल्याबरोबर त्यांनी त्या दिवशीच्या रुईचा भाव लावला होता. साहेबाचा होकार येईना म्हणून एक बोट कमीही केलं होतं. साहेब हसला, आम्ही सगळे हसलो. देशमुखांनी पुन्हा हात घातला आणि या वेळी चटकन काढला.

मग वकील, मग तेलाचे व्यापारी. काझींच्या घरातले म्हातारे हात घालताना तोंडाने काहीतरी पुटपुटले. शेठजींनी आत हात घालून बाहेर काढला तो इतक्या बेमालूमपणे की दुपट्ट्याला सुरकुती पडली नाही. जुना माणूस. वैद्यबुवांनी बहुधा साहेबाची नाडीच पाहिली, कारण ते बराच वेळ थांबले. शेवटी मी. मी साहेबाचा पंजा असा धरला की त्याने हात चोळला.

साहेबाने दुपट्टा उचलून माझ्याकडे दिला आणि शिरस्तेदारांना म्हणाला, "दो हाँ. पाँच ना."

मग देशमुखांनी माझ्याकडे पाहून जिभेने च् च् केलं. "कोन नाही म्हनलं असंन बा?"

"कायद्याने विचारता येत नाही," वकील म्हणाले.

तेलाचे व्यापारी म्हणाले, "भौ, दुनिया मोठी खराब हाय."

मी दुपट्टा खांद्यावर टाकला. जे म्हणालो ते शिरस्तेदारांनी लिहून घेतलं नाही, आणि मीही इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्यात सगळ्यांचे पूर्वज आले होते, आणि साहेबाला त्यातलं जेवढं समजलं तेवढ्यावर त्याने मला पुढच्या दोन सभांना येऊ नका असं कळवलं.

रागाचा एक फायदा असतो. माणूस वाट पाहत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आवारात उभा राहिलो आणि आलेल्या गाडीवानांशी सौदा केला. उघड्या तोंडाने, दुपट्ट्याशिवाय. माल माझ्याकडे उतरवा, या हंगामात तुमच्याकडून आडत घेणार नाही. त्याच्या बदल्यात गाडी रिकामी झाली की गावाच्या पूर्वेच्या टेकडीवर जा, एक खेप दगडाची भरा, नाल्यात टाका आणि मग घरी जा. दर्यापूरचे गाडीवान हिशेबाचे पक्के. एक म्हातारा म्हणाला, "आडत सोडतं, मंग तू काय खाशीन?"

"वांगे."

"आन् दगड आमी कायले वाहाचे?"

"तुह्याच बैलाचे पाय वाचतीन म्हनून."

ज्याचा बैल त्या चिखलात पाय मोडून पडला होता, तो तिथेच उभा होता. नव्या बैलांची गाडी वळवून तो टेकडीच्या वाटेला लागला. त्याच्यामागे बाकीचे गेले. मी अकोल्याहून दोन गवंडी आणले, ओळखीचे, आमच्या बाडीच्या विहिरीचं काम केलेले. संक्रांतीच्या आत पहिली भरलेली गाडी रपट्यावरून सुकी पलीकडे गेली. त्या हंगामात मी खरंच वांगी खाल्ली. पण आवार राहिलं, व्यापारी परत आले, आणि पुढच्या हंगामात गाड्यांची रांग माझ्या दारापासून मागे वाटेवरच्या निंबापर्यंत गेली.

रपटा झाला तसं कमिटीला नाल्याची आठवण झाली. आधी नोटीस आली, की परवानगीशिवाय नाल्यात दगड टाकले. मग माझी दोन सभांची बंदी संपल्यावरच्या सभेत ठराव आला, की सदर रपटा लोकोपयोगी असल्याने तो कमिटीने आपल्या ताब्यात घ्यावा. मी माझ्या बिनहातांच्या खुर्चीत बसलो होतो. साहेब म्हणाला, हात वर करा. काय सांगू, काय ते हात. देशमुखांचा हात तर साहेबाचं वाक्य संपायच्या आत वर. वैद्यबुवा झोपेतून थेट हात वर करूनच उठले. फुकटच्या मालाला दुपट्टा लागत नाही. शेठजींनीही हात वर केला, हळू, काहीतरी विचार करत. मी केला नाही. शिरस्तेदारांनी लिहिलं, "एकमताने." मी म्हणालो, मी हात वर केलेला नाही. ते म्हणाले, "तुम्ही नाहीही म्हटलेलं नाही."

मग त्या दुसऱ्या "हाँ"ची वर्षं सुरू झाली. पहिलं मत माझं. दुसरं कोणाचं?

देशमुखांनी मला एका लग्नाच्या पंगतीत कोपराने ढोसलं. "माळीशेठ, तो दुसरा पंजा माहा होता बरं. बोललो नाही इतके दिवस." मी त्यांना आग्रहाने जिलेबी वाढली. वकिलांनी कचेरीच्या पायरीवर सांगितलं, कायद्याने सांगू नये पण सांगतो, की ते मत त्यांचंच. तेलाच्या व्यापाऱ्यांनी देवाची शपथ घेऊन सांगितलं, तीही मी न मागता. काझींच्या घरातले म्हातारे आजारी होते तेव्हा मला बोलावून तेच म्हणाले, आणि त्या वेळी मला त्यांच्याशी भांडता आलं नाही. वैद्यबुवा म्हणाले की त्यांना आठवत नाही, पण बहुधा तेच असावेत. एका मताचे पाच धनी झाले. इतका भाव माझ्या कापसालाही कधी आला नाही.

सहावा माणूस कधीच काही बोलला नाही.

ते माझ्या लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली, कारण शत्रूबद्दल आपला हिशेब आधीच झालेला असतो आणि तो कोणी पुन्हा मांडत नाही. लक्षात आलं तेव्हा आम्ही दोघंही म्हातारे झालो होतो. शेठजींचं आवार त्यांच्या मुलाकडे गेलं होतं. एका संध्याकाळी ते आपल्या दमणीतून दर्यापूरकडून येत होते. रपट्यापाशी मी उभा होतो. मी दमणी थांबवली.

"शेठजी, एक विचारतो. तो दुसरा पंजा तुमचा होता काय?"

मग त्यांनी हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताने आपला दुपट्टा वर ओढला. मी खाली हात घातला. त्यांनी माझा सगळा पंजा धरला. हात थंड आणि कोरडा होता.

मला काय वाटलं ते सांगतो. मला लाज वाटायला लागली होती. इतकी वर्षं ज्याला शिव्या घातल्या, तोच एकटा माझ्या बाजूने. मी काहीतरी बोलणार होतो, बहुधा माफीचं.

शेठजींनी हात सोडवून घेतला. "पाच बैल निंगाले ते, माळीजी. एकानंही डोकं चालवलं नाही."

"म्हंजे?"

"तुमी कमिटीत होतेत ना? विहिरीचा गाळ काढाले किती दिवस लागले होते?" ते म्हणाले. "ठराव मंजूर झाला असता तर तुमी रपट्याची वाट पाहत बसले असते. अजून बसले असते. मी तुमाले बसवाले होय म्हनलो. या पाच जनांनी नाही म्हनून तुमाले उठवलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हसत नव्हते. ज्याचा डाव बरोबर असून दुसऱ्यांच्या मूर्खपणाने फसला, त्या माणसाची खंत त्यांच्या तोंडावर होती. इतक्या वर्षांची, जपून ठेवलेली. मला ती चांगली ओळखू आली, कारण तसलीच एक माझ्याकडेही होती.

"जाऊ दे शेठजी," मी म्हणालो, "रपटा सुका हाय."

दमणी पलीकडे गेली. दुसऱ्या कुणाच्या हिशेबाला मी मनातून याहून जास्त मान कधी दिलेला नाही.

यंदाच्या पावसात रपट्याचे मधले काही दगड निखळले. कमिटीत आता माझ्या ओळखीचं कोणी नाही, पण काल तिथला कारकून मुद्दाम घरी सांगायला आला, की दुरुस्तीचा ठराव मंजूर झाला, सगळ्यांनी हात वर केले, आता काळजी नाही. मी त्याला पान दिलं. तो गेल्यावर गाडी जुंपायला सांगितली आणि दगड पाहायला टेकडीवर गेलो.